लायनरची भिंत

उस्ताद,

रजिस्ट्रीचे पैसे वाचवले, ते मला शेवटी कितीला पडले याचा हिशेब परवा दुकानात बसून केला. जागा बिगरशेती करून घ्यायची, मोजणी आणायची, मुद्रांक भरायचा, या सगळ्याला तेव्हा जेवढा खर्च आला असता तेवढ्यात त्या काळी एक जुनी मोटारसायकल यायची, आणि मी मोटारसायकलच घेतली. ती कधीच भंगारात गेली. वाचवलेल्या पैशापायी मात्र नांदेडच्या खेपा झाल्या, वकिलाची फी झाली, ऐन सोयाबीनच्या मळणीत गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात गेलं, रक्तात साखर निघाली, आणि बायकोनं जे ऐकवलं त्याला तर भावच लावता येत नाही. "गाडीवर बसून फिरलात ना, आता पायी फिरा," म्हणाली. एकूण बघता या तालुक्यात इतकी महाग मोटारसायकल कुणी घेतली नसेल.

तुम्हाला मातीत ठेवून आलो तेव्हा कबरस्तानाच्या भिंतीला लिंबाचं एक रोप होतं. आता त्याच्या सावलीत लोक चपला काढून बसतात, इतका काळ गेला. तुम्ही बघितलेलं माझं सेनगावचं दुकान म्हणजे चार पत्रे, एक पोपटपान्यांची पेटी आणि लोखंड पकडायला बाभळीच्या ठोकळ्यावर बसवलेला व्हाइस. आता पक्का शेड आहे, सिलिंडर बोअर करायची मशीन आहे, सुटे भाग कातायचा मोठा लेथ आहे, हाताखाली माणसं आहेत. विहिरीवरची डिझेल इंजनं कमी झाली, पण थ्रेशर आले, ट्रॅक्टर आले, कामाला तोटा नाही. तर हे सगळं ज्या दोन गुंठ्यांवर उभं आहे, ते सरकारनं जप्त केलं होतं. आणि माझ्या नाही, दुसऱ्याच्या इन्कम टॅक्सपायी.

सकाळची वेळ. मी एका इंजनाचं हेड खोलून बसलोय आणि रस्त्यावर हलगी वाजते. वाटलं, कुणी तरी कापडाचा सेल लावला असेल. हलगी जवळ येत येत माझ्याच दारात थांबते. मागं जीप, जीपमधून दोन साहेब, एकाच्या हातात कागद, दुसऱ्याच्या हातात खळीचा डबा. हलगीवाला आपल्याच गावातला, त्याच्या भावाचं इंजन मी बांधलेलं. तो माझ्याकडं न बघता म्हणतो, "मालक, राग धरू नका. मला नुसतं वाजवायला सांगितलंय." मी म्हणालो, "वाजव की. पण ताल धर. माझ्या दुकानासमोर बेताल चालत न्हाई." लोक हसले. मीही हसलो. मग साहेबांनी कागद वाचला आणि माझं हसू जागच्या जागी बसलं. कागदावर आपल्या दालमिलवाल्या शेठजींचं नाव, त्यांच्याकडं बाकी असलेला कर, आणि खाली त्यांच्या नावावरच्या जमिनींचे गट नंबर. त्यात रस्त्यालगतचा माझा तुकडा. मी म्हणालो, "साहेब, मी तर दरवर्षी रिटर्न भरतो. माझ्याकडं एक रुपया बाकी न्हाई." ते शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे. बाकी तुमची नाही, जागाही तुमची नाही. तुमचा यात काही संबंधच नाही." वाईट माणूस नव्हता तो. सातबाऱ्यावर जे नाव होतं ते त्यानं वाचलं. पण उस्ताद, आयुष्यात मला पुष्कळ लोकांनी शिव्या दिल्या, इतक्या सभ्य भाषेत कुणी बेघर केलं नव्हतं. त्यांनी शटरवर नोटीस डकवली आणि गेले. तरी मी धीर सोडला नाही. त्या दिवसापासून निकालापर्यंत या दुकानातला एक नट मी जागचा हलवला नाही, हे आता सगळा बाजार जाणतो, कारण मीच चहाच्या प्रत्येक टपरीवर ते सांगितलंय.

तुम्हाला तो सौद्याचा दिवस आठवत असेल. दालमिलच्या ओसरीवर आपण तिघं बसलोय. शेठजींच्या मिलचं इंजन तुम्ही नुकतंच उभं केलंय, ते मागं एकसारखं चालून राहिलंय आणि शेठजी खुशीत आहेत. रस्त्याकडचा दोन गुंठ्यांचा तुकडा मला द्यायचं ठरतं, पैसे हप्त्यानं. मुनीम बॉण्ड पेपरवर लिहितो. शेठजी सही करतात, मी करतो, मुनीम करतो, आणि साक्षीदार म्हणून तुम्ही उजवीकडून डावीकडं तुमची उर्दू सही काढता, ऑइलचं बोट कागदाला लागू नये म्हणून मनगट उचलून. मग पेन ठेवता ठेवता विचारता, "रजिस्ट्री कब करते?" मी म्हणतो, "करू की उस्ताद, निवांत." तुम्ही चष्म्यावरून बघता. "निवांत कौनसे वार को आता रे?" शेठजी इतके हसले की त्यांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. तुम्ही हसला नाहीत.

खरं सांगतो, तेव्हा मला तुमचं बोलणं म्हातारपणाचं वाटलं. आमच्या तांड्यात नायकासमोर शब्द झाला की व्यवहार झाला. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ न्‌ धान्य लादून मुलुखभर हिंडायचे. उधारीवर माल टाकायचे न्‌ पुढच्या फेरीला पैसे उचलायचे. त्यांच्याकडं कुठला आला बॉण्ड? त्या मानानं मी फार शहाणा होतो, मी तर स्टँप पेपर केला होता. शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी शेठजींनी पेढा हातावर ठेवला आणि मी घरी आलो. त्यांना वाटलं झालं, मलाही वाटलं झालं. विजेचं मीटर त्यांच्याच नावावर राहिलं, घरपट्टी त्यांच्याच नावानं येत राहिली. इकडं सगळीकडं असंच असतं. आणि शेठजींनी मला फसवलं असं कुणी म्हणालं की मी अजून भांडतो. मिल बसली, मुलांनी धंदा बदलला, कर थकला, शेठजी गेले. त्यांच्या डोक्यात त्या तुकड्याचा मालक मीच होतो, फक्त कागदाला ते कुणी सांगितलं नव्हतं. पुण्याला त्यांचा मुलगा असतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, जागा तुमची आहे असं मी आत्ता लिहून देतो. पण आमच्या लिहिण्यावर कोण विश्वास ठेवील? आम्हीच तर बाकीदार."

हिंगोलीत एक वकीलबाई आहेत, तरुण आहेत. त्यांच्या वडिलांचं शिरड शहापूरचं इंजन मी बांधलं होतं, म्हणून मला काका म्हणतात आणि फी मात्र पूर्ण घेतात. त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. जप्तीवर हरकत घेता येते. ही जागा बाकीदाराची नाही, आपली आहे, बाकी निघायच्या फार आधीपासून आपल्या ताब्यात आहे, एवढं वसुली अधिकाऱ्यासमोर सिद्ध करायचं. नाही झालं तर लिलाव.

"बॉण्ड रजिस्टर नाही. साक्षीदार कोण आहेत?"

"एक कबरस्तानात, एक शेठजींचा मुनीम. तो पण गेला."

"जिवंत कुणीच नाही का काका?"

"मी हाय की."

"तुम्हाला धरत नाहीत."

नांदेडला पहिल्या सुनावणीला आम्ही घरपट्टीच्या पावत्या नेल्या. उंदरांनी ठेवल्या होत्या तेवढ्या. वर शेठजींचं नाव आणि खाली 'हस्ते' म्हणून माझं. अधिकारी साहेबांनी एकेक पावती उलटून बघितली, चिडले नाहीत, घाई केली नाही. म्हणाले, "हस्ते म्हणजे भरायला आलेला माणूस. तो भाडेकरू असेल, नोकरही असेल." वकीलबाईंनी पावत्या गोळा केल्या. बाहेर व्हरांड्यात बाकावर येऊन बसलो. आत कूलर घरघरत होता, दार लोटलेलं. तुम्ही मला काय शिकवलं होतं? लांब पेचकस चालत्या इंजनाला टेकवायचा, दांडा कानाला लावायचा, आणि आधी पंख्याचा आवाज मनातून बाजूला काढायचा, मग पट्ट्याचा, मग राहील ते ऐकायचं. मी कूलर बाजूला काढला. आत साहेब कुणाला तरी सांगत होते, "भाडेकरूच असेल हो. मालक असता तर इतक्या वर्षांत काहीतरी पक्कं उभं केलं असतं. भाड्याच्या जागेत कुणी भिंत बांधत नाही."

मी वकीलबाईंना म्हणालो, "बाई, जागेवर माणूस पाठवायचा अर्ज द्या. आपल्याकडं भिंत हाय."

"भिंत सगळ्यांकडंच असते काका."

"आमच्यासारखी नसते."

ती भिंत तुमची आहे, उस्ताद. तुमच्या हिंगोलीच्या दुकानात मी कामाला लागलो त्या पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी तुमच्या घरात खालाच्या चुलीपाशी आपण जेवतोय, ज्वारीची भाकर, खट्टी दाळ आणि तव्यावरची मिरची. खाला मला दरवेळी हात परत धुवायला लावते, "कालिख दाल में उतरती," म्हणते. बाहेर भंगारवाल्याची आरोळी येते आणि मी मोठ्या अकलेनं म्हणतो, "उस्ताद, ते जुने लायनर देऊन टाकू का? चांगला भाव देऊन राहिला." लायनर म्हणजे इंजनाच्या पोटातली नळी, तिच्यात पिस्टन खालीवर होतो. ती झिजली की बदलावी लागते. तुम्ही घास खाली ठेवलात. आवाज चढवला नाहीत. "ये लायनर घिस के, पालिश मार के, नये डब्बे में वापस आता. फिर तेरेच तांडे का आदमी नया बोल के लेके जाता. उसका खेत सूखा तो तू पानी डालता क्या?" मग कानस हातात दिलीत ती संध्याकाळपर्यंत. कानशीनं एक लोखंड गुळगुळीत करता करता मला कळलं की तुमच्या दुकानात जुना लायनर गिऱ्हाइकासमोर ठेवायचा, त्याला न्यायचा असेल तर नेऊ द्यायचा, आणि तो नेत नसेल तर त्यावर त्याच्या गावाची अक्षरं न्‌ साल ठोकून तो मागच्या भिंतीत सिमेंटनं चिणून टाकायचा. म्हणजे तो परत कुणाच्या इंजनात जात नाही. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी अक्षरांचे पोलादी ठसे डब्यात आकारावरून हुडकायचात, एकही उलटा ठोकला नाहीत.

मी सेनगावला दुकान टाकलं तेव्हा तुम्ही तो ठशांचा डबा मला दिलात. मी म्हणालो, तुम्हाला लागंल की. तुम्ही म्हणालात, "मेरी दीवार भर गई." बस, एवढंच. मग मीही भिंत सुरू केली. खरं तर कुरकुरतच. एकेका लायनरचं भंगारात काय यायचं ते मला पाठ होतं. बायको म्हणायची, लोक घरात पैसे दडवतात, आमचे भिंतीत दिसायला ठेवलेत. पण सवय लागली की लागली. तळाची ओळ आपल्या भागात सोयाबीन नवं नवं होतं तेव्हाची. तिच्यावर पुढची, तिच्यावर पुढची, वाढत वाढत भिंत माझ्या खांद्याला आली. मागच्या अंगाला शेठजींच्या शेताच्या हद्दीवर उभी आहे, ती हीच भिंत.

निरीक्षक आला तो तरुण, कोकणाकडचा असावा. उन्हानं लाल झालेला. त्यानं भिंतीवरून हात फिरवला, मोबाइलचा उजेड पाडून खालची अक्षरं वाचली. मग शहाण्यासारखा प्रश्न विचारला, "हे लायनर कुठूनही आणून बसवता येतात की. जुने ठसेही मारता येतात." मला उत्तर देता आलं असतं, पण मी दिलं नाही. कारण समोर रस्त्यापलीकडं भाजी विकणारी म्हातारी उठून येत होती, आणि मला तिच्या चालण्यावरून कळलं होतं की ती बोलायला येऊन राहिलीय.

"त्ये कोपऱ्यातलं गंजकं आमचं हाय," ती म्हणाली.

"तुमचं कसं काय आजी?"

"कसं काय म्हंजे? मालकाचं इंजन हितंच खोललं ह्यानं. मालक म्हणले, जुन्याचे भंगाराचे पैसे दे. ह्यो म्हणला न्हाई, उस्तादाचा नियम हाय. लई भांडले दोघं. मी ह्या हितं डबा घेऊन बसले व्हते. मालक उपाशीच भांडले."

"कधीची गोष्ट?"

"माझं लेकरू तवा पोटात व्हतं." तिनं बोटानं रस्त्यापलीकडं दाखवलं. "त्यो बघा त्यो माझा नातू, शाळंचं दप्तर टाकून तराजूशी खेळून राहिलाय. त्येच्या बापाचं सांगून राहिले मी."

निरीक्षकानं लायनरवरचं साल बघितलं, मुलाकडं बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं. तेवढ्यात बाजारचा दिवस असल्यानं माणसं जमायला लागली. कुणी आपलं हुडकू लागलं, कुणी दुसऱ्याचं. आणि मग आमचे एक जुने गिऱ्हाईक गर्दीतून पुढं आले. त्यांचं माझ्याशी कधीच पटत नाही. त्यांनी निरीक्षकाला थेट सांगितलं, "साहेब, ह्यांच्यावर केस करा. आमच्या दोन लायनरचे पैसे अजून दिले न्हाईत."

"तुम्ही यांच्या बाजूनं आलात की विरुद्ध?" निरीक्षकानं विचारलं.

"मी लायनरसाठी आलोय. ते बघा, त्या ओळीत, दोन्ही शेजारी शेजारी. ह्यानं सिमेंट कालवलं तेव्हा मी हितं उभा राहून शिव्या देऊन राहिलो होतो."

"त्या वेळी जागा कुणाची होती?"

"ह्याचीच की. दुसऱ्याच्या भिंतीत कोन घालतंय माझं लोखंड? तेव्हाच म्हणलो, तुझ्या भिंतीला आग लागो."

निरीक्षक हसला. पहिल्यांदाच हसला. मग त्यानं खाली बसून तळाच्या ओळीचे फोटो काढले, सिमेंटचे सांधे नखानं खरवडले. वरच्या ओळी तशाच ठेवून खालची ओळ मागून घालता येत नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही. जाताना चहा घेतला आणि मला हळूच म्हणाला, "काका, एवढं लोखंड विकलं असतं तर?" मी म्हणालो, "तर तुम्ही आला नसता."

निकाल गेल्या आठवड्यात आला. वकीलबाईंनी फोनवर वाचून दाखवला. भाषा अवघड होती, पण मला त्यातलं हवं ते नीट ऐकू आलं. ताबा आणि हक्क बाकी निघायच्या फार आधीपासूनचा, जागेवरील बांधकामावरून व स्थानिक लोकांच्या जबाबावरून दिसून येतो, सबब एवढ्या क्षेत्रावरची जप्ती उठवण्यात येते. शेठजींची बाकीची जमीन जप्तच आहे, तिचं त्यांच्या मुलाला भोगावं लागेल. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "काका, तुमचं तरी सुटलं. रजिस्ट्रीला कधी येऊ ते सांगा." बायकोनं शटरवरची नोटीस ओल्या फडक्यानं घासून काढली. खळ चांगली होती, एक कोपरा अजून आहे. त्या शिव्या देणाऱ्या गिऱ्हाइकाला मी पेढे घेऊन गेलो, तर ते म्हणाले, "पेढे ठीक आहेत, लायनरचं काय?" आता त्यांना पैसे देऊन टाकीन. तुमचा नियम मोडतो असं वाटत असेल तर माफ करा, पण इतका उपयोगी दुश्मन मला पुन्हा मिळायचा नाही.

थ्रेशरचा हंगाम येतोय. निकालाची बातमी फिरल्यापासून रोज कुणी ना कुणी येऊन विचारतं, इंजन कधी आणू. वकीलबाई म्हणतात तुकडेबंदीचे नियम थोडे सैल झालेत, आता लहान तुकड्यांची रजिस्ट्रीही होऊन जाईल. मी मोजणीचा अर्ज दिलाय. दिल्याबरोबर पावती घेतली, माझ्या नावाची, हस्ते नाही.

हे पत्र तुमच्या कबरीपाशी बसून वाचावं असं मनात होतं. पण तुम्ही गेल्यापासून तिथं जवळच कुराण शिकवणारे एक मौलवी मुलांना घेऊन बसतात, आणि माझा आवाज तुम्हाला माहीत आहे, चालू इंजनावर बोलून बोलून तसा झालाय. सगळ्यांना ऐकू जाईल. आणि यात एक गोष्ट अशी आहे की ती अजून बाजारात कुणाला सांगितलेली नाही. म्हणून हे टेबलाच्या खणातच ठेवतो.

निरीक्षक येऊन गेला आणि निकाल यायचा होता, त्या मधल्या दिवसांत, निकाल उलटा गेला तर म्हणून, मी मोठा लेथ ट्रॉलीत घालून कनेरगाव नाक्याला मेव्हण्याच्या ढाब्यामागं नेऊन ठेवला. लोकांना सांगितलं, लेथचा खालचा बेड झिजलाय, घासायला पाठवलाय. बेडला काही झालेलं नाही. तो अजून तिथंच ताडपत्रीखाली आहे, आणि उद्या आणायला जायचंय.